झोपवलेला स्वेटर

जुनी झाले असले तरी अजून गंजलेली नाही, मित्रांनो. मी विणकामाची सुई आहे; पोलादाची, दहा नंबरची. माझ्या बोंडावर हा आकडा कोरलेला होता. बोटांनी घासून घासून तो आता पुसट झाला आहे. पण ज्या हातांनी तो पुसला, त्या हातांना तो वाचावा लागत नाही. डोळे मिटून सुयांच्या जुडग्यात हात घातला, तरी ते मला बरोबर उचलतात.

आमच्यात एक गंमत आहे. तुमच्यात नंबर वाढला, मग तो चपलेचा असो की सदऱ्याचा, की अंग वाढतं. आमच्यात नंबर वाढला की अंग बारीक होतं. आठ नंबरची सुई माझ्यापेक्षा जाड, बारा नंबरची माझ्याहून किरकोळ. ही गंमत नीट ध्यानात ठेवा. पुढे एका घराला हिनेच रडवलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तारेच्या भेंडोळ्यातून आम्हा दोघी बहिणींना एकापाठोपाठ तोडलं. एक टोक घासून निमुळतं केलं, दुसऱ्या टोकाला बोंड बसवलं, म्हणजे टाके मागच्या मागे पळून जाऊ नयेत. मग कागदाच्या पट्टीवर दोघींना शेजारी शेजारी टाचलं आणि आम्ही एका लोकरीच्या दुकानात येऊन पडलो. तिथे बटणांच्या बरण्यांमागे किती काळ गेला कोण जाणे. एके दिवशी एक नवी नवरी दुकानात आली आणि म्हणाली, "पोलादाच्या द्या हो. प्लास्टिकच्या नकोत. त्या माझ्या हातात वाकतात."

दुकानदार हसला. "सुया वाकतात, की तुमचा हात तेवढा घट्ट?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि आम्हाला घेऊन गेली.

ती राहायची त्या इमारतीत तळापासून वरपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. मीही तेच म्हणते. सकाळी ती एका पाळणाघरात कामाला जायची. तिचा नवरा बर्फाच्या कारखान्यात. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. पण बोलला की समोरचा हसलाच पाहिजे. लाद्या साच्यातून सुटून घसरणीवर आल्या की लोखंडी आकड्यानं त्या साखळीवर ढकलायच्या, हे त्याचं काम. साखळी त्या लाद्या बाहेर गाडीपर्यंत ओढत न्यायची. बाहेर ऊन असो की सावली, त्याचा दिवस थंडीतच जायचा.

आता वहिनीचं सांगते. देवानं एकेकाला एकेक देणं दिलेलं असतं. वहिनीला सुरुवातीचं देणं होतं. नवी लोकर हातात आली, पहिले टाके सुईवर चढले, की तिचा चेहरा असा उजळायचा, जणू घरात कुणी पाहुणं येणार आहे! खिडकीखाली तिची एक मोठी वेताची टोपली होती. तिच्यात एका वेळी मफलर असे, कुणाच्या बाळाचे मोजे असत, अर्धवट शाल असे, क्रोशाचा टेबलक्लॉथ असे. आणि गंमत म्हणजे हे सगळं ती सांभाळायची. पाळणाघरात मुलं झोपली की क्रोशा, कारण क्रोशाच्या आकडीला एकच टाका धरून बसायचं असतं. तिला मध्येच खाली ठेवलं तरी काही बिघडत नाही. बायकांशी गप्पा मारताना साधं सुलट-उलट विणकाम. नक्षीचं काम मात्र दुपारी, घर शांत असताना, मान खाली घालून. प्रत्येक कामाची वेळ ठरलेली आणि जागाही. कितीतरी वर्षं हा कारभार सुरळीत चालला. टोपलीतून निघालेल्या टोप्या गल्लीतल्या किती डोक्यांवर बसल्या असतील, सांगता यायचं नाही.

आमची मात्र ओढाताण व्हायची. क्रोशाच्या आकडीचं ठीक आहे, आम्हाला ओळभर टाके अंगावर घेऊन बसावं लागतं. आणि घरात चांगली दहा नंबरची जोडी आमचीच. मग एका कामातून आम्हाला काढायचं, त्याचे उघडे टाके एका जाड दोऱ्यात नाहीतर मोठ्या पिनेत ओवून ठेवायचे आणि आम्हाला दुसऱ्या कामाला जुंपायचं. वहिनी याला "झोपवणं" म्हणायची. "मफलर झोपवलाय," "शाल उठवली आज," अशी तिची भाषा.

नवरा म्हणायचा, "ही टोपली नाही, दवाखाना आहे. सगळे पेशंट खाटेवर. घरी कुणालाच सोडत नाहीत."

"सोडते की! गेल्या आठवड्यात दोघं सोडले."

"ते लोकांचे. घरचा पेशंट कधीचा पडून आहे ते बघा, डॉक्टरीणबाई."

घरचा पेशंट म्हणजे त्याचा स्वतःचा स्वेटर. त्यानं आपणहून फारसं कधी काही मागितलं नव्हतं. एकदाच, कामावरून येऊन चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला असताना म्हणाला होता, "एक जाडसर, पूर्ण बाहीचा विणशील का? घाई नाही."

वहिनी दुसऱ्याच दिवशी बाटलीहिरव्या रंगाची लोकर घेऊन आली. आमच्यावर टाके घातले. पाठ झराझर वाढली. आणि मग कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस आला, स्वेटर झोपला. उठला, थोडा वाढला, परत झोपला. मित्रांनो, जो "घाई नाही" म्हणतो त्याचं काम नेहमी तळाला जातं, हे मी त्या टोपलीत पाहिलं आहे. जे मागतात त्यांची कामं वर येतात. ज्यांनी कौतुक केलेलं असतं त्यांची त्याहून वर. "वहिनी, तुमच्या हाताला काय गोडी आहे हो," असं कुणी म्हटलं, की वहिनीच्या तोंडून "नाही" बाहेर पडतच नसे. तिच्या मनात कुणाबद्दल वाकडं नव्हतं. नवऱ्यावर तर जीव होता. पण जीव आहे म्हणून तो थांबेल, असं तिनं गृहीत धरलं होतं.

तो थट्टा करायचा. "माझा स्वेटर म्हणजे नदीवरचा पूल झालाय. पायाभरणी झाली, फोटो निघाले, आता खालून नुसतं पाणी वाहतंय."

वहिनी हसायची. मीही मनात हसायचे. मग एका हिवाळ्यात तो खोकायला लागला आणि हसणं थांबलं.

खोकला साधा नव्हता. पायऱ्या चढताना मध्येच कठडा धरून उभा राहायचा. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरीणबाईंनी, छातीला नळी लावून ऐकलं आणि त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून विचारलं, "बर्फात उभे राहता, ते एवढ्यावर? छाती जपा. नाहीतर हे काम सोडावं लागेल, आणि सोडूनही फार उपयोग होणार नाही."

घरी आल्यावर वहिनीनं टोपली उपडी केली. हिरवा स्वेटर तळाशी होता. तिनं तो छातीशी धरला आणि देवापुढे जसं बोलतात तसं पुटपुटली, "आता दुसरं काही नाही. आधी हा."

आणि तिनं शब्द पाळला, मित्रांनो. काही दिवस तरी पाळला. छातीकडचा भाग झाला. पहिली बाही आमच्यावर झाली, मनगटाची पट्टी घट्ट, वीण भरीव. मला इतकं बरं वाटत होतं! एकच लोकर, एकच रंग, रोज तेच काम. आम्हा सुयांना याहून काय हवं असतं?

मग नणंद आली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, दादाची लाडकी. वहिनीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "वहिनी, माझ्या बाळाचा पहिला स्वेटर तुमच्याच हातचा हं. हॉस्पिटलातून घरी आणताना तोच घालणार. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"अगं, हो! विचारतेस काय?"

नवरा कोपऱ्यात बसून मोजे चढवत होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा मोजे चढवू लागला.

बाळाच्या स्वेटरला बारीक, मऊ वीण लागते. म्हणजे दहा नंबर. म्हणजे आम्ही. हिरव्यातून आम्हाला काढलं आणि पांढऱ्याला लावलं. पण वहिनीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्याचा खोकला तिला ऐकू येत होता. बाळही थांबणार नव्हतं, खोकलाही थांबणार नव्हता. तेव्हा तिनं ठरवलं, दोन्ही एकदम करायचं. दुसऱ्या बाहीसाठी तिनं आठ नंबरच्या सुया काढल्या.

आठ नंबर जाड, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण वर्षानुवर्षं विणणाऱ्या माणसाला आपल्या हातावर जरा जास्तच भरवसा असतो. ती स्वतःशीच म्हणाली, "हात घट्ट ठेवीन. तेवढ्यानं भागेल."

मी पांढऱ्या टाक्यांखाली पडून सगळं बघत होते. पहिल्या चार ओळी तिनं हात खरंच घट्ट ठेवला. मग शेजारीण गप्पांना आली, मग कुकरची शिट्टी झाली, मग पाळणाघराचा फोन आला, आणि हात आपल्या मूळ चालीवर गेला. तिनं पहिल्या बाहीइतकेच टाके घातले होते. ओळीही पहिल्या बाहीइतक्याच मोजल्या. हिशोब बरोबर जुळला म्हणून ती निश्चिंत झाली. फूटपट्टी तेवढी लावली नाही. एक बाही दुसरीवर ठेवून पाहायचीही राहिली. मला तोंड असतं तर मी टाहो फोडला असता. पण सुईला टोक असतं, तोंड नसतं.

बाही जोडली आणि त्यानं स्वेटर अंगात घातला. उजवी बाही मनगटावर नेमकी बसली. डावी बोटांच्या टोकांपर्यंत आली आणि तिथे पोत्यासारखी लोंबत राहिली.

त्यानं ती बाही हलवून पाहिली. "कोणाला तरी टाटा करायला बरी आहे."

वहिनी फिस्सकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात घेतला. "काढा. काढा तो आधी. उसवते, आठ दिवसांत नवी करून देते."

"आज तर घालू दे. ऊब येतेय की. कितीतरी दिवसांनी छाती गरम लागतेय."

"अहो, पण कामावर असं घालून..."

"दुमडून घेतो. काय होतंय?"

तिनं बाही दोनदा दुमडली. सैल वीण ती, दुमड राहीना. तेव्हा तिनं टोपलीतली मोठी पिन घेतली, टाके झोपवायची, आणि त्या पिनेनं दुमड अडकवून टाकली. "तेवढ्यापुरती हं," ती म्हणाली.

मित्रांनो, इथे जरा थांबा. "तेवढ्यापुरती" या शब्दाकडे बघा. किती गरीब, किती सोज्वळ शब्द! पण घरातल्या किती गोष्टी त्याच्या पदराखाली वर्षानुवर्षं झोपून असतात.

स्वेटर अंगात आला आणि खोकला उतरला. वहिनीला वाटलं, आलं संकट गेलं. बाळ झालं, पांढऱ्या स्वेटरात घरी आलं, सगळ्या नातेवाइकांनी स्वेटर हातात घेऊन घेऊन पाहिला. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "माझ्या नातवाला असाच, पण निळा." आम्ही निळ्याला लागलो. रोज संध्याकाळी वहिनी पिनेकडे बघायची आणि म्हणायची, "उद्या उसवतेच." रोज सकाळी तीच पिन ती स्वतः लावून द्यायची. तो कधी बोलला नाही. लोकांचा हट्ट तिला कळायचा, त्याचं गप्प राहणं मात्र तिनं कधी वाचलं नाही.

एका दुपारी दार वाजलं. त्याच्या कारखान्यातला जोडीदार आला होता. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याच्या हातात एक पिशवी होती.

"वहिनी, आधी बसा."

"बसते कशाला? काय झालं ते सांगा."

"घाबरू नका. बोलतोय तो. शुद्धीत आहे."

"पैलवान भाऊजी, काय झालं?"

"पिन निघाली. बाही सुटली आणि साखळीत गेली. हात ओढला गेला. मी धावत जाऊन साखळी बंद केली, पण... मनगट गेलंय आणि बोटं चेंगरलीत. जिवावरचं हातावर निभावलं, वहिनी. तुम्ही चला."

ती उठली, चपला शोधू लागली. चपला तिच्या पायातच होत्या. तिनं निळं विणकाम जसं होतं तसं आमच्यासकट जमिनीवर टाकलं. आम्ही दोघी फरशीवर घरंगळत गेलो. टाके भराभर अंगावरून निसटले. त्यांना झोपवायला त्या दिवशी कुणी नव्हतं. पैलवानाची पिशवी मात्र खुर्चीवरच राहिली. तिच्यातून हिरवा स्वेटर डोकावत होता. दवाखान्यात कात्रीनं कापलेली डावी बाही तळाशी चोळामोळा होऊन पडली होती.

तो घरी आला तेव्हा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. नणंद बाळाला घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. "दादा, माझ्या बाळापायी झालं रे हे सगळं!"

"वेडी आहेस. बाळानं ऑर्डर दिली होती का?" तो म्हणाला. "आण इकडे त्याला. उजवा हात शाबूत आहे मामाचा."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडून हळूच निघालं, "पिन मी लावली होती. रोज लावत होते."

त्यानं बाळाला मांडीवर सावरून धरलं. मग तो म्हणाला, "आणि तो रोज लावून घेणारा कोण होता? मला जीभ नव्हती? 'आजच कर' असं एकदा म्हटलं असतं तर तू सगळं टाकून बसली असतीस. मला माहीत होतं. तरी नाही म्हटलं."

ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. नणंदेनं तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यानंतर वहिनीनं टोपली कपाटावर ठेवून दिली. त्या अंधारात आम्ही किती पडलो ते मला सांगता यायचं नाही. सुईला एकटेपण असं नसतं, जोडी असतेच. पण काम नसलेली जोडी म्हणजे शेजारी शेजारी पडलेली दोन एकटेपणं. लोकरीचा वास गेला, धूळ आली. खाली घरातून मी आवाज ऐकायचे. "दुखतंय का?" "नाही." "खोटं बोलू नका." "थोडं." मावशी एकदा निळ्या स्वेटरची चौकशी करून गेल्या. वहिनीनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण मावशी लवकर गेल्या.

शेवटी एका सकाळी टोपली खाली आली. वहिनीनं दुसरी कामं एका चादरीत बांधून बाजूला ठेवली, आम्हाला फडक्यानं पुसलं आणि हिरवे टाके घातले. दहा नंबरवर. बोटभर विणून झालं की दर वेळी उजव्या बाहीशेजारी ठेवून मापायची. पाहुणे आले तरी मान वर नाही. तशी बाही तिच्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती आणि पुढेही होईल असं वाटत नाही. टाक्याला टाका बिलगलेला, एक ओळ इकडची तिकडे नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं स्वेटर पुढे धरला. त्यानं उजवा हात घातला. डावा घातला. तो मनगटाच्या पट्टीपाशी अडला. बोटं मिटत नव्हती, मित्रांनो. दोन बोटं काठीसारखी ताठ आणि पंजा सुजलेला. त्या घट्ट, नेटक्या पट्टीतून तो हात बाहेर येईना. त्यानं जोर लावला. कपाळावर घाम आला.

"येईल, येईल," तो म्हणत होता. "जरा ओढ तू."

"नको."

"ओढ गं."

"नको म्हणते ना!" तिनं बाही मागे घेतली, अलगद, आतलं बोट न् बोट सांभाळत.

माझ्या मनात आलं, आता ही मला खिडकीबाहेर फेकणार. दहा नंबरवर केलेली बाही, आयुष्यातली सगळ्यात बिनचूक, आणि तीच निकामी! तिनं स्वेटर मांडीवर घेतला. मग तिनं बाहीची शिवण मनगटापासून कोपरापर्यंत उसवली. वीण नाही उसवली, नुसती शिवण. बाही पुस्तकासारखी उघडली. तिनं त्या दोन्ही कडांचे टाके आमच्यावर उचलून घेतले आणि दोन अरुंद पट्ट्या विणल्या. एकीला काजं, दुसरीवर बटणं. आता हात आत ढकलावा लागत नाही. बाही उघडायची, त्यात हात ठेवायचा आणि वरून मिटायची.

तो आता साखळीवर काम करत नाही. कारखान्याच्या फाटकावर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघतो. गारठा तिथेही असतोच. बोटं पूर्ण मिटत नाहीत. मिटतील की नाही, ते त्या वरच्यालाच ठाऊक. एका हातानं त्याला बटणं लावता येत नाहीत, म्हणून रोज सकाळी तो डावा हात पुढे करून उभा राहतो आणि वहिनी मनगटापासून वर एकेक बटण लावत जाते. टोपलीत पुन्हा दोन-तीन कामं आली आहेत, खोटं कशाला सांगू? नव्या लोकरीनं तिचा चेहरा अजून उजळतो. पण परवा सकाळी ती अशीच बटणं लावत होती आणि जिन्यातून मावशींची हाक आली, "वहिनी, एक मिनिट येता का? लोकर आणलीये, बघा तर!"

वहिनीनं बटण काजात घातलं. वळूनही पाहिलं नाही.

"आत्ता नाही, मावशी," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही टोपलीत खूप कामं असू देत. सुरुवात करायची हौस ही देवाघरची देणगी आहे, तिला नावं ठेवू नका. एवढंच करा: आज घरी गेलात की टोपलीच्या तळाशी हात घाला. ज्यानं तुमच्याकडे एकदाच काही मागितलं आणि पुन्हा आठवण केली नाही, त्याचं काम तिथे असेल. ते वर काढा. मापून पाहा. आणि त्याला विचारा, थंडी वाजते का म्हणून. तो "नाही" म्हणेल. तरीही आधी त्याचंच पूर्ण करा.